मोल

दहावीला त्र्याण्णव टक्के पडले तेव्हा
कसबे डिग्रजच्या चौकात माझा फ्लेक्स लागला.
वर दूध संस्थेचे चेअरमन, खाली माजी सरपंच,
मधे मी, वेणी पुढं घेतलेली.
जुलैच्या वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सुटला,
तो अजून फडफडतो.
सहाच्या गाडीला उभी राहते तेव्हा
मी त्याच्याकडं पाठ करते.

विश्रामबागेत वर्गात एकशे वीस पोरं.
सर म्हणाले, अ‍ॅक्सिलरेशन तर तुम्हाला माहीतच आहे,
आणि फळा पुसला.
मला माहीत नव्हतं.
रात्री जुनं पुस्तक काढलं तर पहिल्याच धड्यात
माझ्याच पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं: त्वरण.
अरे, तू होतास होय!
मग एकेक सापडत गेले, संवेग, जडत्व, अपवर्तन,
गावाकडची ओळखीची माणसं
शहरात नाव बदलून राहिलेली,
रस्त्यात भेटली तरी हाक न देणारी.

केमिस्ट्रीच्या मॅडमनी लिहिलं, वन मोल.
आणि त्यापुढं एवढे अणू की
वहीची ओळ संपली, पण शून्यं संपेनात.
आमच्याकडं मोल सौद्यात ठरतं.
मार्केट यार्डात मूठभर हळद उचलतात,
एक कांडी मोडून आतला रंग बघतात,
मग रुमालाखाली बोटं बोलतात.
आण्णा तिथल्याच एका मिलमध्ये पॉलिशच्या ड्रमवर असतात.
हे सगळं मला आठवेपर्यंत
मॅडम दुसऱ्या पानावर गेल्या होत्या.

युनिट टेस्ट. फिजिक्स. पंचवीसपैकी सात.

आधी वाटलं, सतरातला एक खोडला गेला असेल.
पेपर उजेडात धरून बघितला.

शेजारी मिरजेची मिस्बाह बागवान, तिला एकोणीस.
तिनं पेपर पालथा घातला, माझ्यासाठी,
आणि डब्यातली खारी माझ्याकडं सरकवली.
मी खाल्ली नाही.
मग खाल्ली.

पालकांची सही हवी होती.
आण्णा जेवून उठले होते, हात तीनदा धुतलेले, तरी पिवळेच.
पेपर लांब धरून वाचला, जणू त्यांना इंग्रजी येतं.
म्हणाले, पंचवीसात सात, म्हंजे शंभरात अठ्ठावीस.
ओली हळद शंभर किलो शिजवून वाळवली
तर वीस-बावीस भरतीया.
तुजं जास्तच भरलंय की.

आण्णा, मार्क म्हणजे हळद नव्हं, मी ओरडले.
आई भांडी घासायची थांबली.
आण्णा काही बोलले नाहीत. सही केली,
सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं,
आणि सातच्या शेजारी
अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला.

तो पेपर मी वर्गात दुमडून दिला.

आता पहाटे चारला उठते.
वहीच्या समासात दोन नावं लिहिते,
डावीकडं त्याचं घरचं, उजवीकडं कॉलेजातलं.
काही शब्दांना घरचं नाव सापडतच नाही,
तिथं मी जागा मोकळी सोडते.
मिस्बाहला व्याख्या पाठ असतात, पण ड्रममधली हळद
कडेला का चिकटते ते तिला मी सांगितलं,
हातवारे करून, कँटीनच्या पायरीवर.
ती म्हणाली, हे पुस्तकात का नाही?

गेल्या गुरुवारी मी हात वर केला.
प्रश्न इंग्रजीत जुळवला होता, उभी राहिले आणि तो सांडला.
सर, दोरी तुटल्यावर दगड सरळ का जातो? बाहेर का नाही?
मराठीतच निघालं तोंडातून.
मागं कोणीतरी हसलं.
सर खडू हातात धरून क्षणभर थांबले
आणि म्हणाले, ये हिकडं, फळ्यापाशी.
हिकडं.
हे सर आटपाडीकडचे आहेत, हे त्या दिवशी कळलं.
पाचेक मिनिटं ते तसेच बोलले.
मागच्या बाकांवरची बरीच डोकी वर आली.
मग घंटा झाली, आणि होमवर्क पुन्हा इंग्रजीत.

दुसऱ्या टेस्टला अकरा.
आण्णांना अजून सांगितलेलं नाही.
ते चव्वेचाळीस म्हणतील,
आणि एवढी हळद कधीच भरत नाही.